पांढऱ्या गाठी

बाईंना नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतं. एरवी सगळ्या जगाला त्या गाठीबाई. हरभऱ्यासारख्या पिकांच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी येतात आणि त्या गाठींत जिवाणू राहतात. हे जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं, आणि दोघांचं बरं चालतं. असे जिवाणू काचेच्या भांड्यांत वाढवायचे, कोळशाच्या बारीक पुडीत मिसळायचे आणि पाकिटांत भरून शेतकऱ्यांच्या हवाली करायचे, हे काम बाई एकतीस वर्षं करत होत्या. नवीन माणूस कामावर आला आणि त्यानं दारातून ‘गाठीबाई कोण?’ असं विचारलं, की आतून उत्तर यायचं, “मीच. पण चप्पल बाहेर.”

शेतकऱ्यांच्या संघाची ही प्रयोगशाळा म्हणजे इनमीन तीन खोल्या. पहिलीत काचेची भांडी रात्रंदिवस डुलत असायची, दुसरीत पूड कालवून पाकिटं भरायची, आणि तिसरी खोली बाईंची. तिथं शिंकायला बंदी होती. शिंक आलीच तर बाहेर जाऊन शिंकायचं आणि हात धुऊन परत यायचं. साहेब या माणसालासुद्धा त्यातून सवलत नव्हती. साहेब बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान होते आणि शिंका त्यांना जरा जास्तच यायच्या, त्यामुळे बाईंच्या खोलीत ते सहसा फिरकत नसत.

बाईंच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात एक काचेची नळी होती. तिला मूळ नळी म्हणायचे. त्या नळीतल्या जिवाणूंपासून पुढची सगळी भांडी, सगळी पाकिटं. दर महिन्याला बाई स्पिरिटचा दिवा लावायच्या, तारेचं कडं लालबुंद तापवून गार करायच्या आणि जुन्या नळीतले जिवाणू नव्या नळीत उतरवायच्या. त्या वेळी पंखा बंद, दार बंद, बोलणं बंद. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही नळी नासली नाही. हा मोठेपणा त्या स्वतः कधी सांगत नसत, पण दुसऱ्या कुणी सांगितला तर थांबवतही नसत.

हे काम त्यांना मोठ्या सरांनी शिकवलं. सर आता हयात नाहीत. सरांचा एक नियम होता आणि तो ते दर वर्षी बजावून सांगायचे. जिवाणूंना वर्षातून एकदा झाड दाखवायचं. निर्जंतुक केलेल्या वाळूच्या कुंडीत हरभरा लावायचा, त्याला मूळ नळीतले जिवाणू द्यायचे, गाठी आल्या की उपटून ब्लेडनं कापायच्या. आतून लाल निघाल्या तर कारखाना चालू आहे, मग त्याच लाल गाठीतून जिवाणू काढून नवी मूळ नळी भरायची. पांढऱ्या निघाल्या तर सगळं थांबवायचं. “काचेत आयतं खाऊन खाऊन हे काम विसरतात,” सर म्हणायचे. “दिसायला तसेच दिसतात, वाढायला भराभर वाढतात, झाडाच्या मुळात जाऊन घरही करतात. पण नत्र द्यायची वेळ आली की हात वर. घरजावई होतात, बाई, घरजावई!” सरांचे स्वतःचे जावई सरांकडेच राहत असत, त्यामुळे या वाक्याला एक वेगळी धार असायची.

अठ्ठावीस वर्षं बाईंनी हा नियम पाळला. कुंड्या मागच्या काचघरात असायच्या. मग तीन वर्षांपूर्वी पाकिटांची मागणी दुपटीनं वाढली, माल ठेवायला जागा पुरेना, आणि साहेबांनी काचघर गोदामाला दिलं. बाईंनी एकदा सांगून बघितलं, दोनदा सांगून बघितलं. साहेब म्हणाले, “करू काहीतरी.” हे काहीतरी कुणीच केलं नाही. वर्षअखेरीला तपासणीची वही समोर आली. झाड-चाचणीचा रकाना रिकामा होता. पुढच्या महिन्यात घरी कुंड्या लावून चाचणी करू, आज नुसतं लिहून ठेवू, असा विचार करून बाईंनी लिहिलं, ‘चाचणी झाली. गाठी लाल.’ खाली सही केली. पुढचा महिना गडबडीत गेला. दुसऱ्या वर्षी लिहिताना हात थोडा अडखळला. तिसऱ्या वर्षी अडखळला नाही, आणि खरं सांगायचं तर तेच वाईट झालं.

त्या वर्षी हरभरा पेरून महिना होत आला असेल. एका सकाळी बाईंचा मोठा भाऊ, त्यांचा दादा, प्लॅस्टिकची पिशवी घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. दादा दोन तासांच्या वाटेवरच्या गावात शेती करायचा. बहिणीचा त्याला इतका अभिमान, की गावातल्या चौदा घरांना त्यानं युरियाची पोती सोडायला लावून बहिणीची पाकिटं घ्यायला लावली होती. बाई दर वर्षी एसटीनं खोकं पाठवायच्या, वहिनी ते स्टँडवरून घेऊन यायची आणि घरोघर वाटायची.

“चप्पल काढलीय,” दादानं आधीच सांगून टाकलं. मग पिशवीतून चार रोपं काढून टेबलावर ठेवली. “हे बघ. तुझ्या औषधाला या वर्षी झालंय काय?”

पानं पिवळी पडली होती. खालची तर पार कागदासारखी.

“सगळीकडं असंच?” बाईंनी विचारलं.

“चौदाच्या चौदा घरांत. बांधापलीकडच्यानं युरिया टाकलाय, त्याचं हिरवंगार आहे. येता-जाता हसतोय माझ्याकडं बघून.”

बाईंनी रोप उचललं, मुळं पाण्यात खळबळली. गाठी भरपूर होत्या. पंचवीस-तीस तरी. आणि त्यांच्या तोंडून तो प्रश्न निघून गेला, जो अशा वेळी प्रयोगशाळेतल्या कुणाच्याही तोंडून आपोआप निघतो. तक्रार घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यासाठी तिथं तीन प्रश्न तयार असायचे. पाकीट उन्हात ठेवलं होतं का, बियाण्याला आधी बुरशीचं औषध चोळलं होतं का, आणि तारीख उलटून गेली होती का. या तिन्हींतून आजवर कुणी सुटलं नव्हतं. कुठल्यातरी एकावर माणूस हमखास अडकायचा, ओशाळायचा आणि परत जायचा.

“पाकिटं उन्हात राहिली होती का?”

“माझ्या हातात कुठं होती? मी रानात होतो. स्टँडवरून वहिनीनं आणली तुझ्या.”

“भर दुपारची गाडी ती. विचार तिला.”

“तसंच असेल,” दादा म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. बहिणीच्या औषधात खोट नाही, हे कळल्याचा तो आनंद होता. बाईंनी तो बघितला. “मला वाटलंच होतं. तुझ्या हातचं कधी बिघडायचं नाही.” चहासुद्धा न घेता तो परत गेला.

तो गेल्यावर बाईंनी ब्लेड घेतलं. खरं तर उन्हाचा प्रश्न विचारण्यात अर्थच नव्हता. उन्हानं जिवाणू मेले असते तर मुळांवर गाठी आल्या असत्या कशाला? हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. बाईंनी पहिली गाठ कापली. आतून पांढरी. दुसरी कापली, पांढरी. चारही रोपांच्या मिळून एकशे सात गाठी कापल्या. एकीच्या पोटात किंचित गुलाबी छटा वाटली म्हणून ती खिडकीपाशी नेऊन बघितली. ती त्यांच्या साडीच्या काठाची छटा होती.

दादा अजून स्टँडवर पोचलाही नसेल. फोन हातात होता. बाईंनी तो टेबलावर उपडा ठेवला आणि हात धुवायला गेल्या. हात स्वच्छच होते, तरी पुन्हा धुतले.

माणूस स्वतःला फसवायला लागला की किती हुशार होतो, ते बाईंकडे बघून कळलं असतं. जमिनीत एखादं सूक्ष्मद्रव्य कमी असेल. थंडी जास्त पडली असेल. पाणी साचलं असेल. चौदाही घरांत? हो, का नाही, एकाच ओढ्याकाठची जमीन आहे. आणि शास्त्रात खात्री केल्याशिवाय बोलू नये, हे तर सरांनीच शिकवलेलं. तेव्हा आधी चाचणी करायची, मग बोलायचं. ऐकायला हे अगदी रास्त वाटत होतं. तीन वर्षं न केलेली चाचणी करायला बाईंना आता एकाएकी फार घाई झाली.

घरी गेल्या आणि त्यांनी बाटल्या कापल्या, वाळू धुतली आणि कुकरमध्ये भरली. त्यांचा नवरा निवृत्त कंडक्टर. घरातसुद्धा ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणायची त्याची सवय गेलेली नव्हती. शिट्ट्या मोजत तो स्वयंपाकघरात आला.

“आज काय बेत?”

“वाळू.”

“किती शिट्ट्या लागतात शिजायला?”

एरवी बाई हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांना रडू फुटलं, आणि तो बिचारा कुकरकडे बघत उभा राहिला. पाण्याचा पेला पुढे केला आणि एवढंच म्हणाला, “सांगावंसं वाटलं तर सांग.” बाईंनी सांगितलं नाही.

खिडकीत हरभरा लावलेल्या सहा बाटल्या लागल्या. तिघींना मूळ नळीतले जिवाणू, तिघींना काहीच नाही. गाठी येऊन कापण्याजोग्या व्हायला अडीच आठवडे तरी हवेत. ते दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच माहीत. कारण एक गोष्ट त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. फुलं लागायच्या आत हरभऱ्याला थोडा युरिया मिळाला, तर पीक सावरतं. फुलं लागल्यावर देऊन फारसा फायदा नाही. म्हणजे वेळ होता, आणि तो रोज थोडाथोडा चालला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दादाला फोन केला.

“दादा, थोडा युरिया देऊन बघ. एकरी अर्धं पोतं. सगळ्यांनाच सांग.”

पलीकडून दादा हसला. “परीक्षा घेतेस होय माझी? पंधरा वर्षं तूच सांगत आलीस, झाड उपटा, गाठी मोजा, गाठी भरपूर असल्या तर युरियाचं पोतं उघडू नका. उघडलं की जिवाणू कामचुकार होतात. गाठी काय कमी आहेत? सुरुवातीला उन्हानं थोडे मेले असतील, आता वाढलेत. येतील वळणावर.”

“तरीपण दे.”

“का?”

आता सांगायचं. गाठी आतून पांढऱ्या आहेत, एवढं एक वाक्य. शेतकऱ्यांच्या बैठकांत बाईंनी गाठी मोजायला शिकवलं होतं, कापायला कधी शिकवलं नव्हतं. कापणं म्हणजे बारीक काम, ते आपलं, त्यांना काय जमणार, असं त्यांना वाटायचं. दादाला आज कापायला सांगितलं तर तो विचारणार, पांढरी म्हणजे काय? मग मूळ नळी, मग वही, मग सही.

“अगं, का ते सांग ना,” दादा म्हणाला.

“नाही, तसं काही नाही. बघ तुला वाटलं तर.”

“नाही वाटत,” दादा खुशीत म्हणाला. “तूच शिकवलंयस.”

बाई मूग गिळून बसल्या. कामावर जात होत्या, भांडी डुलत होती, पाकिटं भरली जात होती. उशिराच्या पेरणीसाठी चार हजार पाकिटांचा माल तयार होऊन काचघरात थप्प्या लागल्या होत्या. त्याच नळीचा माल. बाईंची सही झाली की तो बाहेर पडणार होता. साहेब रोज दारातून विचारायचे, “झाली का सही?” आणि बाई म्हणायच्या, “बघते.”

आठवड्यानं दादाचा फोन आला. आवाज चढलेला होता.

“सापडलं! कबूल केलं तिनं.”

“कुणी?”

“वहिनीनं तुझ्या. आधी कुठं ऐकायला तयार होती? म्हणे मी सावलीतनं आणलं, मी सावलीतनं आणलं. मी म्हटलं, बहीण सांगते ते उगाच नाही. रोज विचारलं. काल बोलली एकदाची. वाटेत ओळखीच्या घरी पाणी प्यायला थांबली होती, खोकं बाहेर ओट्यावर उन्हात. तासभर गप्पा! मी लगेच चौदा घरी जाऊन सांगितलं, औषधात दोष नाही, आमच्या घरचा हलगर्जीपणा आहे. तुझ्या नावाला धक्का लागू दिला नाही.”

बाईंना क्षणभर, फक्त क्षणभर, सुटल्यासारखं वाटलं. खरंच खोकं उन्हात राहिलं होतं की काय? तासभर? मग गाठी कशा आल्या, हा प्रश्न होताच, पण तो त्यांनी थोडा बाजूला सारला. मग स्वतःचीच इतकी किळस आली की त्या पायरीवर बसल्या.

“लोक काय म्हणतात?” त्यांनी विचारलं.

“काय म्हणणार? गिरणीत दळण घेऊन गेली तर बायका मुद्दाम मोठ्यानं बोलतात. पाणी प्यायला थांबू नका म्हणावं, पिकं जळतात. ऐकून घ्यावं लागणारच. चूक आहे तर आहे.”

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा बाई अकरावीत होत्या. प्रयोगशाळेची नोकरी लागली तेव्हा घरातले सगळे म्हणत होते, मुलीला इतकं लांब कशाला. वहिनी एकटीच म्हणाली होती, जाऊ दे, तिला जमेल. बाईंना हे आठवलं आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पण फोनही केला नाही. बाटल्यांना अजून दहा दिवस होते, आणि बाई त्या दहा दिवसांना घट्ट धरून बसल्या होत्या.

अठराव्या दिवशी सकाळी त्यांनी सहाही बाटल्या ओट्यावर घेतल्या. सगळी रोपं सारखीच पिवळी. जिवाणू न दिलेल्या रोपांच्या मुळांवर काही नव्हतं. दिलेल्यांवर गाठी होत्या, टपोऱ्या, देखण्या. बाईंनी कापल्या. नवरा शेजारी उभा होता.

“दूध कसं पांढरं असतं, तसं आहे,” तो म्हणाला. “चांगलं असतं का हे?”

“नाही,” बाई म्हणाल्या, आणि मग एका दमात त्याला सगळं सांगितलं. नळी, काचघर, वही, तीन सह्या, दादा, वहिनी. शेवटी त्यानं विचारलं, “आधी कुठं जायचं? कचेरीत की गावाला?”

“कचेरीत. माल अडवायला हवा.”

साहेबांनी काचेची बशी उचलून उजेडात धरली. बशीभर जिवाणूंचे पांढरट, चकचकीत ठिपके होते. “बाई, संख्या तर नियमापेक्षा दुप्पट आहे. माल पास आहे.”

“संख्या आहे. काम नाही.”

“असं कसं?” साहेबांनी वही ओढली, पानं उलटली. “हे बघा. तिन्ही वर्षं चाचणी झालीय. गाठी लाल. तुमची सही.”

“ती चाचणी मी केलीच नाही. खोटं लिहिलं.”

साहेब खुर्चीत मागे टेकले. माणूस वाईट नव्हता. घाबरला होता, आणि काचघराचा निर्णय कुणाचा होता हेही त्याला त्याच क्षणी आठवलं असणार. “आठ महिने राहिलेत तुमचे निवृत्तीला,” ते हळूच म्हणाले. “कशाला? पुढच्या मालाला नवी नळी मागवू कुठून तरी. हा जाऊ दे. शेतकऱ्यांची सतरा कारणं असतात.”

“त्यातलं एक कारण माझ्या घरात सापडलंय,” बाई म्हणाल्या. “सही मिळणार नाही.” त्यांनी वही पुढ्यात घेतली, तिन्ही नोंदींवर आडवी रेघ मारली, बाजूला ‘चाचणी केली नव्हती’ असं लिहिलं आणि तारीख घातली. मूळ नळी फ्रिजमधून काढून ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेच्या दाबानं जंतू मारायच्या भांड्यात, ठेवली आणि झाकणाचे सगळे स्क्रू आवळले. एकतीस वर्षांची नळी वीस मिनिटांत संपली. साहेबांना तेवढ्यात दोन शिंका आल्या आणि आज बाईंनी त्यांना बाहेर जायला सांगितलं नाही.

दुपारच्या गाडीनं त्या गावाला गेल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हरभरा होता. खिडकीतून त्यांना शेतं ओळखता येत होती. हिरवं दिसलं की युरियाचं, पिवळं दिसलं की आपलं.

वहिनी अंगणात बसून गोणी शिवत होती. बाईंना बघून तिनं सुई खाली ठेवली, पण उठली नाही. एरवी उठायची.

“दादा?”

“रानात. येतील आता.” वहिनीनं दोरा तोडला. “बसा, वन्सं.”

बाई बसल्या नाहीत. बसलो तर पुन्हा काहीतरी कारण सापडेल, अशी त्यांना भीती वाटली. “वहिनी, खोक्याचं काही नव्हतं. ऊन लागलं असतं तरी नव्हतं, नसतं लागलं तरी नव्हतं. औषधच खराब होतं. माझ्यामुळं. मी तीन वर्षं तपासलं नाही आणि तपासलं म्हणून सही केली.”

वहिनीनं गोणीची शिवण बोटानं सरळ केली.

“मी ओलं फडकं टाकून आणलं होतं खोकं,” ती म्हणाली. “झाडाझाडांच्या सावलीनं. उशीर झाला म्हणून हे ओरडलेसुद्धा त्या दिवशी.”

“मग पाणी प्यायला थांबलीस, ओट्यावर...”

“कुठं थांबले? कुठला ओटा? नुसतं ‘हो, उन्हात राहिलं’ म्हटलं तर ह्यांना पटेना. कुठं राहिलं, किती वेळ, विचारतच राहिले. मग घातला एक ओटा मनानं.” तिनं बाईंकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. “मी ह्यांना विचारलं होतं, उन्हानं मेले असते तर मुळांवर गाठी आल्या कुठून? हे म्हणाले, तुला जास्त कळतं की तिला?”

एकशे सात गाठी कापून त्या जिथं पोचल्या होत्या, तिथं ही बाई चुलीपुढं बसून पोचली होती.

“तुम्हाला कधी कळलं?” वहिनीनं विचारलं.

“दादा आला होता त्याच दिवशी. तो गेल्यावर लगेच.”

“म्हणजे अठरा दिवस झाले.”

“हो.”

फाटक वाजलं. दादा खांद्यावर विळा-दोरी घेऊन आत आला आणि बहिणीला बघून हसला. बाईंनी त्याला हसणं पुरं करू दिलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, वहिनीला सांगितलं त्याच शब्दांत. दादा ऐकत गेला तसा त्याच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली. बहिणीचा अभिमान आधी गेला. मग तो बायकोकडे वळला, आणि त्याला काय बोलावं ते सुचेना, म्हणून रागावला.

“मग तू हो का म्हणालीस?”

“तुम्ही थांबावं म्हणून,” वहिनी म्हणाली.

दादा ओसरीच्या कडेला बसला. शेवटी वहिनीनंच विचारलं. तिनं मान वर केली नव्हती आणि प्रश्न बाईंना होता.

“आता युरिया देऊन वाचेल का?”

“फुलं लागली का?”

“परवापासून.”

“मग नाही,” बाई म्हणाल्या. “आता उशीर झाला.”

“आणि ज्या दिवशी तुम्हाला कळलं, त्या दिवशी दिला असता तर?”

बाईंनी दादाकडे बघितलं. त्याला फोनवरचा युरिया आठवला होता, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. ‘मी तर सांगितलं होतं’ असं म्हणायला तेवढी एक फट होती. बाईंना ती दिसली.

“वाचलं असतं,” त्या म्हणाल्या. “चौदाही घरांचं.”

वहिनीनं गोणीची घडी घातली, सुई दोऱ्याच्या गुंडीत खोचली आणि उठून पायांत चपला सरकवल्या.

“चला,” ती म्हणाली. “पहिलं घर गिरणीवाल्यांचं. जे मला सांगितलं ते सगळं सांगा. हे शेवटचंसुद्धा.”

ती पुढे चालू लागली. बाई तिच्या मागून निघाल्या.